चाक कोणाच्या हातचे? बैलगाडीच्या धावेपासून माउंटन बाइकच्या रिमपर्यंत

आजचा थ्रेड लांब आहे. चहा घेऊन बसावे.

बारवांवरच्या मागील थ्रेडखाली बऱ्याच जणांनी इतिहास बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न विचारला. चारठाण्याची मंदिरे, वालूरची चक्राकार बारव, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी हे सारे सायकलवरून पाहायचे ठरवले आणि त्यासाठी स्वस्तात माउंटन बाइक जुळवायला घेतली, तर चाके कोणती घ्यावीत? सांगाडा जुना मिळून जातो, हँडल आणि सीट कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते. चाकांपाशी आले की मात्र खिशाची आणि विवेकाची एकदमच परीक्षा होते. हा प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा आहे असे मी मानत नाही. स्वस्त आणि टिकाऊ चाक कसे निवडावे, या प्रश्नावर या भूमीत फार जुना विचार झालेला आहे; तो ग्रंथांत कमी आणि सुतार-लोहारांच्या हातांत अधिक साठलेला आहे, एवढेच.

माझे मत आधीच सांगून टाकते. जे चाक बिघडल्यावर जिंतूर, सेलू वा गंगाखेडच्या बाजारात त्याच दिवशी पुन्हा उभे राहू शकते, त्यालाच मी टिकाऊ म्हणते. रिमवर छापलेले नाव, वजनाचे ग्रॅम, धातूचा दर्जा हे सारे त्यानंतर. या मताला इतिहासाचा आधार आहे, आणि इतिहासातूनच त्यावर काही आक्षेपही उभे राहतात. दोन्ही मांडते.

सुरुवात आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यातून करू. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) चार कांस्य शिल्पे हाती लागली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात एक पुरुष उभा आहे. शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; तो वाद इथे उकरत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते रथाचे चाक. ते भरीव आहे, त्यात आरे नाहीत. भरीव चाक बनवायला सोपे आणि ओढायला जड. आऱ्यांचे चाक याच्या उलट. जे लाकूड भार पेलत नाही ते काढून टाकायचे आणि जे पेलते तेवढेच ठेवायचे, हा त्यातला विचार. तो वैदिक वाङ्मयाच्या भाषेत पक्का मुरलेला दिसतो: अर, नेमि, नाभि, अक्ष. त्यातला ‘अर’ आपल्या ‘आरा’ या शब्दात आणि ‘अक्ष’ हा ‘आस’ या शब्दात आजही जिवंत आहे. खेड्यातला गाडीवान संस्कृत शिकलेला नव्हता, पण चाकाचे शब्द त्याच्याकडे त्याच घरातून आलेले होते.

तरीही चाकाचा शोध लागला आणि तेव्हापासून सर्वत्र गाड्या धावू लागल्या, हा शालेय पुस्तकी समज सोडून द्यावा. रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ साली ‘द कॅमल अँड द व्हील’ या ग्रंथात दाखवून दिले, की पश्चिम आशियात उंटाने कित्येक शतके चाकाला बाजूला सारले होते. दख्खनमध्येही तसेच काहीसे होते. धान्य, मीठ, कापूस यांची लांबची वाहतूक बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. कारण साधे होते. बैलाला पायवाट पुरते, चाकाला रस्ता लागतो. रस्ता नसेल तर उत्तम चाकही ओझेच.

मग आपल्या परिचयाची, दोन बैलांची, आऱ्यांची हलकी गाडी आली कुठून? ती अनादी काळापासून जशीच्या तशी होती असे आपण गृहीत धरतो. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये मात्र एक मोठी रंजक नोंद सापडते. १८३० च्या दशकात पुणे-सोलापूर भागात जमीन मोजणीचे काम चालू होते. तेव्हा त्या मुलखातल्या गाड्या ओबडधोबड, जड भरीव चाकांच्या असत; शेतातले खत-धान्य हलवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने सुधारित गाडीचा नमुना तयार करून सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे गाड्यांचा कारखानाच घातला. एका जोडीने ओढता येईल अशी हलकी गाडी तिथे तयार होऊ लागली. टेंभुर्णीच्या या कारखान्याचे महत्त्व मला वेगळ्याच कारणासाठी वाटते. एखादा नमुना कारखान्यात जन्मतो, पण तो गावोगाव पसरतो तो गावातल्या सुताराला त्याची नक्कल करता येते म्हणून. गेसफर्डची गाडी बाभळीत उतरवता आली, म्हणूनच ती ‘परंपरागत’ होऊ शकली. शंभर वर्षांनी तिला कुणी इंग्रज म्हटले नाही. (परंपरा या शब्दाचे वय अनेकदा आपण समजतो त्याहून कितीतरी कमी असते, या विषयावर एक स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.)

आता या चाकाची रचना जरा सविस्तर पाहू, कारण पुढे सायकलच्या चाकाशी तिची गाठ पडणार आहे.

मधोमध तुंबा. त्यात ठोकून बसवलेले आरे. आऱ्यांच्या टोकांना घेराचे वक्र लाकडी तुकडे, ज्यांना पुठे म्हणतात. आणि या साऱ्याला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. लाकूड प्रदेशाप्रमाणे बदलते. डोंगराळ भागात तिवस, आसासाठी चिवट धावडा. आपल्या काळ्या मातीच्या सपाटीवर मुख्यतः बाभूळ. परभणीच्या बांधाबांधावरची बाभूळ म्हणजे सुताराचे उघडे कोठारच होते. याच बाभळीचा काटा आज आपल्या ट्यूबमध्ये घुसतो तेव्हा मला नेहमी वाटते, की तिला रबराचे राज्य अजून मान्य झालेले नाही.

खरे कौशल्य होते धाव चढवण्यात. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवायचा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते. मग सांडशांनी उचलून ती चाकावर घालायची, घणाने बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. निवताना धाव आकुंचन पावते आणि पुठे, आरे, तुंबा यांना केंद्राकडे अशी दाबते, की सारे सांधे गच्च होतात. खिळ्यांवर फारसा भरवसा ठेवावाच लागत नाही. चाकाला चाकपण येते ते या दाबामुळे. घेर किती कमी ठेवायचा हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. जास्त कमी ठेवला तर आरे वाकतात, कमी पडला तर उन्हाळ्यात धाव निसटते.

उन्हाळा हा या चाकाचा खरा शत्रू. वैशाखात बाभूळ वाळून आखडते, धाव सैल पडते, आरे खुळखुळू लागतात. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे चाके ओढ्यात वा डोहात भिजत घालणे. लाकूड फुगते, सांधे भरतात. फारच सैल झाली तर लोहाराकडे जाऊन धाव कापून, सांधून पुन्हा चढवणे. म्हणजे हे चाक आयुष्यभर सतत दुरुस्त होत राही. ते न बिघडणारे होते असे कुणी म्हटलेच नव्हते. बिघाडाची ऋतूनुसार वेळ ठरलेली होती, आणि त्या वेळी त्याचा उपायही गावातच हजर होता.

इथे थांबून गहिवर आवरावा लागतो. गावातला सुतार आणि लोहार ‘हजर’ होते याचा अर्थ काय, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. ते बलुतेदार होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशील सापडतात. अवजारांची वर्षभराची दुरुस्ती आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावर धान्य. या हिशेबात कारागिराला आपल्या कामाची किंमत ठरवण्याचा अधिकार फारसा नव्हता, आणि त्याच्या मुलाला दुसरे काम निवडण्याचाही नव्हता. मराठवाड्यात फिरस्ते घिसाडी कुटुंबासह पाल टाकून लोखंडाचे काम करीत. त्यांच्या वाट्याला तर गावाची हद्दही पुरती आली नाही. दुरुस्ती स्वस्त होती, कारण दुरुस्ती करणारा जातीने बांधलेला होता. त्या काळच्या टिकाऊपणाची स्तुती करताना ही किंमत वजा करता येत नाही.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा निजामाचा मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून गेला. रेल्वे आली आणि बैलगाडी संपली, असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. घडले उलटे. तांडे ओसरले, गाड्यांना मात्र स्टेशनपर्यंत माल आणण्याचे नवे काम मिळाले. मानवत-सेलूच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागण्यामागे लोहमार्गाचा मोठा वाटा होता.

रस्ते वाढले तसा नवा तंटा सुरू झाला. लोखंडी धाव अरुंद असते, तिचा सारा भार बोटभर पट्ट्यावर येतो आणि खडीचा रस्ता ती कापत जाते. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. रस्ते-अभियंत्यांच्या चर्चांत बैलगाडी वारंवार आरोपीच्या पिंजऱ्यात दिसते. तिची बाजू मांडायला गाडीवान तिथे नव्हता. नाहीतर त्याने सांगितले असते, की आमच्या काळ्या रेगूर मातीत पावसाळ्यात अरुंद धावच चिखल कापून खालच्या घट्ट थरावर टेकते, आणि पुरुषभर उंचीच्या जवळ जाणारे मोठे चाकच खड्ड्यातून वर निघते. चाक पक्क्या रस्त्यासाठी निवडायचे की वावरासाठी, हा प्रश्न तेव्हाही होता.

उत्तर म्हणून हवेचा टायर पुढे आला. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते. ते विस्मरणात गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच दशकात हवेच्या टायरच्या बैलगाडीचा प्रचार होऊ लागला. बैलाला ती खरोखरच सोपी होती. तेवढ्याच श्रमात अधिक भार ओढला जातो आणि मानेला बसणारे हादरे कमी होतात, हे कबूल करायलाच हवे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्रा. एन. एस. रामस्वामी बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा आग्रह धरत होते तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर जनावराचे हाल होतेच.

मात्र टायर, आस, बेअरिंग यांतले काहीही गावात बनत नव्हते. मोटारींचे टाकाऊ आस आणि झिजलेले टायर वापरून काम भागवले गेले तरी सुताराचा आणि लोहाराचा हात चाकावरून सुटला तो सुटलाच. आणि पुढे काय झाले ते गंगाखेड, पालम, सोनपेठच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या ऊसतोड मजुरांना विचारावे. त्यांची टायरगाडी पुष्कळदा कारखान्याची असते, भाड्याने घेतलेली; बैल स्वतःचे, उचल मुकादमाची. बैलाच्या मानेवरचे ओझे हलके करणारे चाक माणसाच्या मानेवरचे जू हलके करीलच असे नाही. चाकाची तांत्रिक प्रगती आणि चाकाची मालकी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माझ्या मते आपल्या इतिहासलेखनात पहिलीवर पाने भरतात आणि दुसरीला तळटीप मिळते.

आता सायकलकडे वळू.

सायकलचे तारांचे चाक बैलगाडीच्या चाकाच्या अगदी विरुद्ध आहे असे सांगितले जाते. लाकडी आरा खालून भार पेलतो, तो दाबला जातो. पोलादी तार इतकी बारीक असते की दाब आला तर ती वाकेल, म्हणून ती ओढून ताणलेली असते. १८७४ मध्ये कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तारा सरळ केंद्राकडे न नेता तिरप्या, एकमेकींना छेदून नेण्याची रचना पुढे आणली. त्यामुळे पायडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोहोचू लागला. आज तुमच्या माझ्या सायकलला तीच रचना आहे.

हे खरे असले तरी दोन्ही चाकांच्या पोटात एकच युक्ती आहे. भार यायच्या आधीच चाकात ताण भरून ठेवायचा. धाव बाहेरून आत दाबते, तार आतून रिमला ओढते. दोन्हीकडे घेर केंद्राकडे खेचलेला असतो. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ सालच्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात गणिताने दाखवले, की सायकलवर बसल्यावर वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही. जमिनीलगतच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. चाक फिरते तशी प्रत्येक तार खाली येताना सैलावते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. हे लाखो वेळा घडते. मुळात ताण कमी असेल तर तार तळाशी पूर्ण ढिली पडते, हिसके खाते, आणि एके दिवशी हबजवळच्या वाकणात तुटते. म्हणजे स्वस्त सायकलची तार बहुधा भाराने तुटत नाही, ती ढिलेपणाने तुटते. वैशाखातल्या सैल धावेचा हा सख्खा भाऊ.

माउंटन बाइकचा जन्मही या कथेला जोडून घ्यावा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून काढून माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या उतारांवरून सोडू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’. मागच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. नाव त्यावरून पडले. एका खेळाचे बारसे वंगणावरून झाले, हे मला फार आवडते. त्या सायकलींना २६ इंची चाके होती, कारण श्विन कंपनीने १९३३ मध्ये आणलेले २६ इंची फुगीर टायर दुकानात मिळत होते. गणित करून कुणी २६ इंच शोधून काढले नव्हते. मिळते ते घेतले, दुरुस्त करता येते ते वापरले, आणि त्याचेच पुढे जागतिक प्रमाण झाले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही नावे नंतर मोठी झाली. सुरुवात भंगाराच्या ढिगातून झालेली आहे.

गेल्या काही वर्षांत २९ आणि २७.५ इंची चाकांनी परदेशी बाजारातून २६ ला जवळजवळ हद्दपार केले आहे. मोठे चाक दगडावरून सहज जाते, हा त्यांचा दावा खराच आहे. आपल्या गाडीवानाचेही हेच म्हणणे होते. हातात पैसे असतील, उंची भरपूर असेल आणि ट्यूब कुरिअरने मागवायची तयारी असेल, तर जरूर २९ घ्यावे. पण स्वस्त आणि टिकाऊ हे दोन्ही शब्द एकत्र हवे असतील तर माझे मत अजूनही २६ इंचाच्या बाजूने आहे. माझ्या पाहण्यात तालुक्याच्या ठिकाणी त्याची ट्यूब, टायर, रिम हमखास मिळते; २९ ची विचारणा केली की दुकानदार परभणीचे नाव सांगतो.

इथे एक सावधगिरी. २६ हा आकडा फसवा आहे. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत मिलिमीटरचा आकडा असतो, तो पाहावा. माउंटन बाइकचे २६ म्हणजे ५५९. साध्या सायकलींवर येणारे २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. दोघांवर ‘२६’ लिहिलेले असले तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. आणि दूधवाल्या-पोस्टमनच्या उंच काळ्या सायकलीचे २८ × १ १/२ हे ६३५, म्हणजे २९ इंची माउंटन बाइकच्या ६२२ पेक्षाही मोठे. आकड्यांचा हा घोळ म्हणजे निरनिराळ्या काळांत आणि देशांत झालेल्या प्रमाणीकरणांचा ढिगाराच आहे. पुरातत्त्वाच्या भाषेत सांगायचे तर सारे थर एकाच खड्ड्यात मिसळलेले.

त्या उंच काळ्या सायकलीविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वातंत्र्यानंतर मद्रासचे टीआय (१९४९), सोनिपतचे ॲटलास (१९५१), लुधियानाचे हीरो (१९५६) यांनी देशाला सायकलीवर बसवले. त्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तारा अधिक. इतका सरळ विचार पुढे आलेल्या कित्येक चकचकीत सायकलींत दिसत नाही. कडब्याचा भारा, दुधाच्या किटल्या, मागे बायको आणि दांडीवर पोर, एवढे त्या चाकांनी वाहिले.

तेव्हा आता प्रत्यक्ष निवडीचे बोलू. तारा ३६ घ्याव्यात, २ मिलिमीटर जाडीच्या, साध्या गोल, प्रत्येक तार तीन तारांना छेदून जाईल अशा ओवलेल्या. चपट्या वा कमी तारांची चाके देखणी असतात. तशी एक तार तुटली तर तिच्या जोडीची तार इथे शोधत बसाल. रिम दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची घ्यावी. एकेरी लोखंडी रिम स्वस्त पडते, पण दगडावर आपटली की तिच्यात कायमचा पोचा पडतो, आणि पावसात ओल्या लोखंडावर ब्रेकचे रबर घसरते. आपल्या चिखलाचा विचार केला तर डिस्क ब्रेकचा हब घेणे शहाणपणाचे. रेगूर माती रिमच्या ब्रेकमध्ये अशी भरते की चाक फिरेनासेच होते. भर पावसाळ्यात वावरातून जाताना मात्र कुठलाच ब्रेक आणि कुठलाच टायर उपयोगाचा नाही. सायकल खांद्यावर घ्यावी.

पैसे वाचवायचेच असतील तर टायरमध्ये वाचवा, हबमध्ये वाचवू नका. मागच्या हबचे दोन प्रकार आहेत. जुन्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये दात्यांच्या बाजूचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे बाहेरचा आस लोंबकळतो आणि खड्ड्यांत वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये, जी रचना शिमानोने १९७८ मध्ये बाजारात आणली, बेअरिंग टोकाकडे सरकते आणि आसाला आधार मिळतो. जिंतूरच्या डोंगरांत जाणार असाल तर थोडे अधिक पैसे घालून कॅसेटचाच हब घ्यावा. केवळ सपाटीवर फिरणार असाल तर गिअरविना एकदात्याचे मागचे चाक सर्वांत भक्कम, कारण त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांना सारखाच ताण देता येतो. बेअरिंग मात्र सुटे छर्रे आणि कोन यांचेच असू द्यावे. सीलबंद बेअरिंग उत्तम चालते, पण संपले की नवे आणावे लागते; छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून कुणालाही पुन्हा बसवता येतात. ट्यूबलेसचा सल्ला मी देत नाही. ट्यूबच वापरावी, सोबत एक जादा ट्यूब बाळगावी, आणि काटा लागल्यावर पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावे. बाभळीचा काटा क्वचितच एकटा येतो.

सर्वांत महत्त्वाचा खर्च यादीत कुणी लिहीत नाही. तो मजुरीचा. जुना चांगला हब मिळवून त्यावर नव्या तारा आणि नवी रिम बांधून घेणे हा तयार स्वस्त चाकापेक्षा चांगला मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. पण ते बांधणारा हात हवा. मिस्त्री सहसा फक्त आउट काढून देतात. रिम डुलायची थांबली की काम झाले. रिम सरळ असूनही काही तारा ताठ आणि काही ढिल्या असू शकतात. म्हणून ताण सारखा करून मागावा, आणि त्याला लागणाऱ्या वेळाचे वेगळे पैसे द्यावेत. तपासणी सोपी आहे. एका बाजूच्या तारा बोटाने छेडत जा. साऱ्यांचा स्वर जवळपास एकच यायला हवा. मग समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळा, म्हणजे त्या आपल्या जागी पक्क्या बसतील, आणि पुन्हा एकदा आउट पाहा. शंभरेक किलोमीटर चालवल्यानंतर आणखी एकदा त्याच मिस्त्रीकडे न्या.

बलुत्यात सुताराला मोल ठरवता येत नव्हते; आजचा मिस्त्री ते ठरवू शकतो, पण आपण पंक्चरइतकेच पैसे देऊन चाक बांधून मागतो. परवडणारे चाक म्हणताना आपल्याला ते कोणाला परवडायला हवे आहे, हे एकदा स्पष्ट करून घ्यावे. चाके बांधू शकणारे जे मोजके मिस्त्री मी जिल्ह्यात पाहिले, त्यांपैकी बहुतेकांचे केस पांढरे आहेत आणि त्यांच्या दुकानात शिकायला बसलेले पोर मला दिसलेले नाही.

शेवटी एक विनंती. धाव चढवणारा लोहार वा घिसाडी आपल्या गावात अजून काम करीत असेल, तर खाली गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहावे. व्यक्तीचे नाव-नंबर इथे उघड्यावर टाकू नये, ते मला खासगीत कळवावे. पाऊस पडण्याआधी, चाके सैल पडण्याच्या दिवसांत, तिथे जाऊन धावेचा घेर ते किती कमी ठेवतात हे मोजून लिहून घ्यायचे आहे. सोबत यायचे असेल त्याने दोन जादा ट्यूब आणाव्यात.